जर्मनीत आल्यावर पहिलं काम: आनमेल्डुंग कसं करायचं, कुठे अडतं आणि कुठली कागदपत्रं आधी तयार ठेवायची

नोकरीसाठी किंवा मास्टर्ससाठी जर्मनीत नव्याने आलेली आपली मंडळी ज्या अडचणी सांगतात ना, बँक अकाउंट चालू होत नाहीये, पहिल्याच पगारातून टॅक्स भलताच कापला गेला, विमा कंपनीचं कार्ड आलंच नाही, रेसिडन्स परमिटची अपॉइंटमेंट मिळत नाहीये, त्या वरवर वेगवेगळ्या वाटतात पण थोडं खोदून विचारलं की बऱ्याचदा मूळ एकच निघतं: आनमेल्डुंग झालेलं नाहीये, किंवा झालंय पण लेटरबॉक्सवर नाव नाहीये. म्हणून हे सगळं एकदा नीट सविस्तर लिहितेय, विमानात बसायच्या आधी वाचलंत तर सगळ्यात उत्तम.

आनमेल्डुंग म्हणजे काय तर ज्या गावात राहायला आलात तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन, मी अमुक तारखेपासून अमुक पत्त्यावर राहतेय अशी नोंद करणं. पोलिसांशी याचा संबंध नाही आणि हे फक्त परदेशी लोकांसाठी असतं असंही नाही, जन्मापासून इथेच राहणाऱ्या जर्मन माणसालाही घर बदललं की करावंच लागतं. कायदा पूर्ण देशासाठी एकच आहे, बुंडेसमेल्डेगेझेत्स नावाचा, १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेला, आणि त्यात मुदत दिलीये दोन आठवड्यांची. लक्षात घ्या, ही मुदत घरात राहायला गेल्याच्या तारखेपासून मोजतात, जर्मनीत उतरल्याच्या किंवा भाडेकरार सही केल्याच्या तारखेपासून नाही. उशीर केला तर १००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जे तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्कामाला येतात, म्हणजे मुलाकडे आलेले आईवडील किंवा कंपनीने सहा आठवड्यांसाठी पाठवलेला माणूस, आणि ज्यांचं एरवी घर भारतातच आहे, त्यांना हे करायची गरज नसते. बाकी सगळ्यांनी करायचं.

सगळ्यात आधी घरमालकाचा कागद

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक अपॉइंटमेंट कशी मिळवायची यावर डोकं लावतात पण खरी गाडी अडते ती या एका कागदावर. नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्हाला राहायला जागा देणाऱ्याने, हो हे माझ्याकडे राहायला आलेत, असं सही करून दिलेलं एक पान. हे नसेल तर अपॉइंटमेंट असली, पासपोर्ट असला, व्हिसा असला, भाडेकरार असला तरी काउंटरवरून परत पाठवतात. भाडेकरार दाखवून भागत नाही, हे परत एकदा सांगते कारण दर वेळी कोणीतरी बारा पानी करार घेऊन जातो आणि हात हलवत परत येतो. करारात तुम्ही घर भाड्याने घेतलंय एवढंच कळतं, त्यात राहायला आलात की नाही ते कळत नाही, आणि ऑफिसला नेमकं तेच हवं असतं.

कागदात काय काय हवं तेही बघून घ्या: जागा देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, राहायला आल्याची तारीख, आणि राहायला आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव. बायको आणि मुलं बरोबर येत असतील तर त्यांची नावंही त्याच कागदावर यायला पाहिजेत, फक्त ज्याच्या नावावर करार आहे त्याचं एकट्याचं नाव घातलेला कागद फॅमिलीसाठी चालत नाही. कोरा फॉर्म प्रत्येक शहराच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, तो तुम्हीच डाउनलोड करा, जमेल तेवढा भरा आणि घरमालकाला फक्त सही करायला द्या, काम पटकन होतं. किल्ल्या घ्यायच्या दिवशी घराची अवस्था लिहून घेतात ना, त्याच वेळी ही सही घेऊन टाकायची, नंतर मेल करत बसण्यात आठवडा जातो.

सही कोण करू शकतं? मालक, किंवा त्याने नेमलेली हाउसफरवाल्टुंग म्हणजे बिल्डिंग सांभाळणारी कंपनी. तुम्ही वेगे मध्ये, म्हणजे शेअरिंग फ्लॅटमध्ये खोली घेतली असेल आणि तुमचा करार मालकाशी नसून मूळ भाडेकरूशी असेल तर तो मूळ भाडेकरूही सही करू शकतो, पण त्याला पोटभाडेकरू ठेवायची मालकाची परवानगी आहे ना हे आधी विचारा, नसेल तर पुढे घर सोडायची वेळ तुमच्यावरही येऊ शकते. स्टुडंट हॉस्टेलवाल्यांना हा कागद देण्याची सवय असते, तिथे फार त्रास होत नाही.

हा कागद देणं ही घरमालकाची कायद्याने जबाबदारी आहे, त्याने उपकार म्हणून द्यायची गोष्ट नाही, आणि त्याच्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. तो देतच नसेल तर गप्प बसायचं नाही, रजिस्ट्रेशन ऑफिसला लेखी कळवायचं की मी मागितला पण मिळत नाहीये, कायद्यात तसं कळवायला सांगितलंच आहे. ऑफिस मग त्याच्याकडे विचारणा करू शकतं आणि न देणाऱ्या मालकालाही दंड होऊ शकतो. बहुतेक वेळा एवढं नुसतं नम्रपणे सांगितलं तरी सही मिळते.

आता खरी मेख. नव्याने येणारे बरेच जण पहिले एकदोन महिने हॉलिडे अपार्टमेंट किंवा तात्पुरती खोली घेतात, आणि अशा जागांचे मालक बरेचदा आधीच सांगतात की इथे आनमेल्डुंग होणार नाही. म्हणून भारतातून घर शोधताना भाडं विचारायच्याही आधी हा प्रश्न विचारा: आनमेल्डुंग म्योग्लिश? म्हणजे इथे नोंदणी करता येईल का? उत्तर लेखी घ्या, मेल किंवा चॅट चालेल. थोडं महाग पडलं तरी पहिलं घर नोंदणी होणारंच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नोंदणीशिवाय गेलेला एक महिना पुढे टॅक्स, बँक, व्हिसा सगळीकडे लांबत जातो. मित्राकडे उतरणार असाल आणि खरंच तिथेच राहणार असाल तर तिथे नोंदणी करता येते, मित्राने सही द्यायची, फक्त त्याने त्याच्या घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

आणि एक कळकळीने सांगते. ग्रुपवर, चॅनेलवर काही लोक पत्ता विकायला बसलेत, अमुक इतके युरो द्या, आमच्या पत्त्यावर नोंदणी करून घ्या, राहायची गरज नाही. अजिबात जाऊ नका त्या वाटेला. न राहता नुसता पत्ता देणं हा गुन्ह्यासारखाच गंभीर प्रकार धरतात, देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, खोटी नोंदणी करणारा तुम्हीही अडकता, आणि दंड बाजूला ठेवला तरी तुमची सगळी सरकारी पत्रं अशा माणसाच्या घरी जातात ज्याला तुम्ही ओळखतही नाही. नवीन पोरं घाबरलेली असतात, घर मिळत नसतं, त्यांच्या त्या भीतीवर हे लोक पैसे कमावतात, मला याचा फार राग येतो.

अपॉइंटमेंट

ऑफिसचं नाव शहराप्रमाणे बदलतं. बर्लिन आणि फ्रँकफर्टला ब्युर्गरआम्ट, म्युनिक आणि श्टुटगार्टला ब्युर्गरब्युरो, कोलोनला कुंडनसेंट्रुम, लहान गावात सरळ राटहाउस म्हणजे टाउन हॉलमध्येच एक खिडकी असते. काम तेच. शोधताना शहराचं नाव आणि पुढे आनमेल्डुंग टर्मिन असं टाका, आणि महापालिकेची अधिकृत वेबसाइटच उघडा, मधल्या एजंटच्या साइट पैसे घेऊन तीच फुकटची अपॉइंटमेंट देतात.

मोठ्या शहरात पुढचे तीनचार आठवडे सगळं फुल दिसतं, घाबरायचं नाही. लोक अपॉइंटमेंट कॅन्सल करतात तशा त्या परत वेबसाइटवर येतात, सकाळी ऑफिस उघडायच्या सुमाराला बघत राहिलं की त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या दिवशीची जागा सापडते. दुसरं म्हणजे बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये जाता येतं, तुम्ही राहता त्याच भागातलं पाहिजे असं नाही, त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाचं ऑफिस मिळालं तरी घेऊन टाका. फोन करायचा असेल तर ११५ हा सरकारी कामांचा नंबर आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६, तिथे मुख्यतः जर्मनच चालतं म्हणून जर्मन येणाऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून फोन करा. आणि लहान गावात राहत असाल तर सरळ चालत जाऊन विचारा, बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंटशिवाय काम होतं.

दोन आठवड्यांच्या आतली तारीख मिळालीच नाही तर? तारीख पुढची मिळाली तरी ती बुक दोन आठवड्यांच्या आत केलेली असू द्या आणि बुकिंगचा मेल जपून ठेवा. वेळेत प्रयत्न केलेल्या माणसाला, ऑफिसकडेच जागा नव्हती म्हणून दंड लावल्याचं सहसा होत नाही, पण पुरावा तुमच्या हातात पाहिजे.

ऑनलाइन नोंदणीबद्दलही ऐकलं असेल. ती सोय बऱ्याच शहरात आलीये पण ती आधीच जर्मनीत नोंद असलेल्या, डिजिटल ओळखपत्र असलेल्या आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या लोकांसाठी आहे. परदेशातून पहिल्यांदा येताय तर प्रत्यक्ष जायचं धरूनच चाला.

भारतातून काय आणायचं

पासपोर्ट आणि व्हिसा तर असतोच. खरा प्रश्न फॅमिलीचा असतो. लग्न झालेलं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, मुलं असतील तर प्रत्येकाचं बर्थ सर्टिफिकेट, मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको. महाराष्ट्रातली सर्टिफिकेटं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतात पण ऑफिसची भाषा जर्मन आहे, काही ठिकाणी इंग्रजी मान्य करतात, काही ठिकाणी जर्मन भाषांतर मागतात आणि तेही कोर्टाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराचंच. असे भाषांतरकार शोधायला न्याय खात्याची डेटाबेस साइट आहे, युस्टित्स डोलमेचर नावाने, तिथे भाषा आणि शहर टाकलं की यादी येते. कागदाच्या खरेपणाची आणखी कुठली पडताळणी लागेल का हे ज्या ऑफिसात जाणार तिथेच निघायच्या आधी मेल करून विचारा, कारण भारतात जाऊन ते परत करून आणणं म्हणजे महिनोन्महिने.

लग्नाच्या सर्टिफिकेटकडे लोक दुर्लक्ष करतात की आत्ता नसलं तरी चालेल, नंतर बघू. ऑफिस तुमची वैवाहिक स्थिती काय लिहितं तीच पुढे टॅक्स खात्याला जाते. नवरा आणि बायको दोघंही जर्मनीत राहतायत आणि विवाहित म्हणून नोंद आहे तर टॅक्स क्लास (पगारातून किती टॅक्स कापायचा हे ठरवणारा गट) चार आणि चार किंवा तीन आणि पाच अशी जोडी घेता येते, एकच जण कमावत असेल तर तीन आणि पाचमध्ये दर महिन्याला हातात येणाऱ्या पगारात चांगलाच फरक पडतो. सर्टिफिकेट नाही म्हणून नोंद अर्धवट राहिली की हे सगळं अडकतं. जोडीदार अजून भारतातच असेल तोवर मात्र क्लास एक लागतो, तो किंवा ती येऊन नोंदणी झाली की मग फिनान्सआम्टकडे म्हणजे तिथल्या टॅक्स ऑफिसकडे बदलाचा अर्ज करायचा.

आता नावांचं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बऱ्याच जणांचं स्वतःचं नाव आणि पुढे वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. जर्मन ऑफिस पासपोर्टवर जे आहे तेच घेतं, म्हणजे वडलांचं नावही तुमचं दुसरं पहिलं नाव म्हणून कायमचं नोंदलं जातं. त्याला काही इलाज नाही आणि त्याने काही बिघडतही नाही, फक्त मग बँक, विमा, युनिव्हर्सिटी, करार सगळीकडे तेच पूर्ण नाव त्याच क्रमाने द्या, एका ठिकाणी वडलांचं नाव घातलंय आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलंय असं केलं की सिस्टिमला तुम्ही दोन माणसं वाटता. लग्नानंतर आडनाव बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे अशांनी नोंद पासपोर्टप्रमाणेच होणार हे धरून चालायचं. फॉर्मवर गेबुर्ट्सनामे असा एक रकाना असतो तिथे जन्माच्या वेळचं आडनाव लिहायचं.

फॉर्म

एक कुटुंब, एकाच घरातून एकाच घरात आलेलं, तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांचा मिळून फॉर्म चालतो, माणसं जास्त असली तर पुरवणी पान जोडायचं. फॉर्म जर्मनमध्ये असतो पण शहराच्या साइटवर इंग्रजीत समजावून सांगितलेला नमुना बऱ्याचदा मिळतो, तो बघून जर्मन फॉर्म भरायचा. आधीच्या पत्त्याच्या जागी भारतातला शेवटचा पत्ता. आइनत्सुग म्हणजे राहायला आल्याची तारीख, ती घरमालकाच्या कागदावरच्या तारखेशी जुळलीच पाहिजे. लेडिश म्हणजे अविवाहित, फेरहायराटेट म्हणजे विवाहित.

धर्माच्या रकान्यापाशी मात्र थांबून विचार करा. जर्मनीत सरकार चर्चच्या वतीने टॅक्स गोळा करतं, किर्शनश्टॉयर म्हणतात त्याला, आणि कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद असेल तर तो पगारातून आपोआप कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन व्युर्टेमबेर्ग या दोन राज्यात ८ टक्के आणि बाकी सगळीकडे ९ टक्के, पण हे पगाराचे टक्के नाहीत, तुम्हाला लागलेल्या इन्कम टॅक्सचे आहेत. म्हणजे महिन्याला ५०० युरो इन्कम टॅक्स कापला जात असेल तर ९ टक्क्यांच्या राज्यात वरून ४५ युरो. हिंदू, बौद्ध, जैन, शीख लोकांना हा टॅक्स नाही, तुम्ही रकाना मोकळा सोडा किंवा काइने म्हणजे काही नाही असं लिहा. आपल्यातले जे ख्रिश्चन आहेत त्यांनी नियम समजून घेऊन खरं ते लिहावं. नंतर चर्चमधून बाहेर पडायचं तर राज्याप्रमाणे कोर्टात किंवा श्टांडेसआम्टमध्ये म्हणजे जन्म आणि लग्नं नोंदवणाऱ्या ऑफिसात जाऊन रीतसर अर्ज करावा लागतो, नुसतं ऑफिसला सांगून होत नाही.

याच वेळी अजून एक गोष्ट करता येते जी फार कमी जणांना माहीत असते. तुमचा पत्ता राजकीय पक्षांना निवडणुकीच्या वेळी, पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या छापणाऱ्यांना वगैरे देऊ नका असा आक्षेप नोंदवायचा हक्क कायद्यात आहे, युबरमिट्लुंग्सश्पेरे म्हणतात, फॉर्मवरच खुणा करायच्या असतात किंवा वेगळं पान मागायचं. फुकट आहे, कारण द्यावं लागत नाही. करून टाका.

त्या दिवशी

सगळ्यांचे पासपोर्ट, घरमालकाचा सही केलेला कागद, भरलेला फॉर्म, सर्टिफिकेटं, अपॉइंटमेंटचा मेल, आणि भाडेकरार सुद्धा, लागला तर असावा म्हणून. दहा मिनिटं आधी पोचा, उशीर झाला तर नंबर जातो आणि परत पहिल्यापासून. वेटिंग हॉलमध्ये स्क्रीन असते, तुमच्या बुकिंगचा नंबर आणि पुढे खोलीचा किंवा टेबलाचा नंबर झळकला की आत जायचं.

समोरचा माणूस इंग्रजी बोलेलच असं नाही, येत असलं तरी काही जण ऑफिसात जर्मनच बोलतात कारण कामाची भाषा तीच आहे. याचं वाईट वाटून घेऊ नका. जर्मन येणारं कोणी बरोबर आलं तर छानच, नाहीतर आत गेल्यावर गुटन टाग म्हणा, इश म्योश्टं मिश आनमेल्डन, म्हणजे मला नोंदणी करायची आहे, एवढं एक वाक्य पाठ करा आणि कागद क्रमाने पुढे ठेवा. कागद पूर्ण असतील तर पुढचं काम फार बोलण्याचं नसतंच. नवराबायकोपैकी एकाला सुट्टी मिळत नसेल तर दुसऱ्याने सगळ्यांचे पासपोर्ट आणि सही केलेलं फोलमाख्ट म्हणजे अधिकारपत्र घेऊन जाता येतं, पण पहिल्या नोंदणीला दोघांना बोलावतात का हे तुमच्या शहराच्या साइटवर तपासा.

शेवटी ते माहिती प्रिंट करून किंवा स्क्रीनवर दाखवतात. इथे घाई करू नका. नावाचं प्रत्येक अक्षर, जन्मतारीख, आडनाव आणि नाव उलटसुलट तर झालं नाही ना, राहायला आल्याची तारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, सगळं पासपोर्टशी ताडून बघा आणि मगच सही करा. तिथे बसल्या बसल्या चूक सुधारायला एक मिनिट लागतो, तीच चूक टॅक्स खात्यापर्यंत पोचली की ती मागे फिरवायला पत्रव्यवहार. नोंदणीला बहुतेक शहरांत पैसे पडत नाहीत, आणि शिक्का मारलेली मेल्डेबेश्टेटिगुंग म्हणजे नोंदणीची पावती तिथेच हातात मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. बँक, युनिव्हर्सिटी, रेसिडन्स परमिट सगळीकडे हीच दाखवायची, घरी आल्याआल्या स्कॅन करून ठेवा. पुढे कधी वैवाहिक स्थिती वगैरे सविस्तर माहितीचं सर्टिफिकेट लागलं तर ते वेगळं मागावं लागतं आणि त्याला थोडी फी असते.

लेटरबॉक्सवर नाव, आजच्या आज

जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. रस्ता, बिल्डिंगचा नंबर, पिनकोड, शहर, संपलं. वीस बिऱ्हाडांच्या बिल्डिंगमध्ये पोस्टमन पत्र टाकतो ते लेटरबॉक्सवरचं आडनाव वाचून, आणि नाव दिसलं नाही तर पत्र पत्ता सापडला नाही म्हणून परत जातं. तुमच्या दारात कोणी विचारायला येत नाही, फोन करत नाही. आणि पहिल्या महिन्यात येणारं सगळं महत्त्वाचं पोस्टानेच येतं: टॅक्स नंबर, विमा कार्ड, बँकेचं कार्ड आणि पिन, सगळं.

म्हणून किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी लेटरबॉक्स आणि बेल, दोन्हीवर पासपोर्टवरचं आडनाव लावा. छापील पट्टी बिल्डिंगवाले लावणार असतील तर ती येईपर्यंत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटपट्टी लावा. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पोटभाडेकरू असाल आणि मूळ भाडेकरू नाव लावू देत नसेल तर ही धोक्याची खूण समजा, आणि निदान पत्त्यात तुमच्या नावाखाली बाय (bei, म्हणजे अमुक यांच्याकडे) असं लिहून त्याचं नाव घालून पत्रं मागवा.

मग पुढे काय काय येतं

दोन ते चार आठवड्यात बॉनच्या केंद्रीय टॅक्स ऑफिसकडून पत्र येतं, त्यात ११ आकडी श्टॉयर आयडी म्हणजे तुमचा टॅक्स नंबर असतो. हा नंबर आयुष्यभर एकच, शहर बदललं, देश सोडून परत आलात तरी तोच, त्यामुळे पत्र कुठेतरी टाकू नका. त्याची वेगळी मागणी करावी लागत नाही, आनमेल्डुंग झालं की आपोआप निघतो, तान्ह्या बाळालाही येतो आणि बाळाचा नंबर किंडरगेल्डच्या म्हणजे मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या अर्जाला लागतो. पत्र आलंच नाही तर त्या ऑफिसच्या साइटवर परत पाठवा असा फॉर्म आहे, पण नंबर ते फोनवर किंवा मेलवर सांगत नाहीत, नोंदवलेल्या पत्त्यावर पत्रच पाठवतात, म्हणजे परत लेटरबॉक्स. नोकरी चालू झाली आणि नंबर आला नाही तर पगारवाल्या विभागाला आधीच सांगून ठेवा की नंबर यायचाय, नाहीतर टॅक्स क्लास सहा लागून पगार खूपच कमी हातात येतो. तसं झालंच तर पैसे बुडत नाहीत, पुढच्या पगारात दुरुस्त होतात किंवा वर्षाच्या शेवटी रिटर्न भरून परत मिळतात, पण नवीन देशात पहिल्याच महिन्यात घराचं डिपॉझिट भरून बसलेल्या माणसाला ती कपात जड जाते.

मग रुंडफुंकबायट्रागचं पत्र येतं, सरकारी नाही पण सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठीची वर्गणी. हे खोटं पत्र नाहीये, खूप जण स्पॅम समजून फेकून देतात. महिन्याला १८ युरो ३६ सेंट, २०१३ पासून घरटी एक, घरात टीव्ही असो नसो, माणसं कितीही असोत. तुमचा पत्ता त्यांना रजिस्ट्रेशन ऑफिसकडूनच जातो. उत्तर दिलं नाही तर ते तुम्हाला परस्पर नोंदवतात आणि राहायला आल्याच्या महिन्यापासूनची थकबाकी लावतात, उशिराचा आकार वेगळा. शेअरिंग फ्लॅटमध्ये असाल तर आधीच भरणाऱ्या रूममेटचा वर्गणी नंबर विचारा आणि उत्तरात तोच कळवा, मग तुम्हाला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त आपापसात वाटून घ्या. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना नुसतं विद्यार्थी आहे म्हणून माफी मिळत नाही.

रेसिडन्स परमिटचं काम वेगळ्या ऑफिसात, आउसलेंडरबेह्योर्डमध्ये म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात. ब्युर्गरआम्टमध्ये नोंद झाली म्हणजे व्हिसाचं झालं असं कोणी समजू नका, हे दोन वेगळे खाते आहेत. व्हिसाची शेवटची तारीख बघा आणि परमिटचा अर्ज त्या तारखेच्या बराच आधी टाका, नोंदणीची पावती त्याला जोडायची असते. बर्लिनमध्ये या ऑफिसला लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंग म्हणतात. मोठ्या शहरात अपॉइंटमेंटला महिने लागतात म्हणून आनमेल्डुंग झालं त्याच संध्याकाळी अर्जाला बसलात तरी लवकर नाही.

घर बदललं किंवा देश सोडला

जर्मनीतल्या जर्मनीत घर बदललं तर जुन्या ठिकाणी काही करायचं नाही, नवीन ठिकाणी परत दोन आठवड्यांच्या आत, परत नवीन घरमालकाच्या कागदासकट नोंदणी, जुनी नोंद आपोआप निघते. रेसिडन्स कार्ड असेल तर ते बरोबर न्या, त्यावरचा पत्ता बदलून देतात.

कायमचं परत जायचं असेल किंवा दुसऱ्या देशात जायचं असेल तर मात्र आबमेल्डुंग म्हणजे नोंद काढून घ्यावी लागते. घर सोडायच्या एक आठवडा आधीपासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीही, बऱ्याच शहरात पोस्टाने किंवा मेलनेही होतं. त्याची पावती मागून घ्या, कारण रेडिओ वर्गणी बंद करायला, विमा थांबवायला, इंटरनेटचा उरलेला करार मोडायला सगळे तोच कागद मागतात, आणि शेवटची पत्रं यायची असतात तोपर्यंत बँकेला आणि फिनान्सआम्टला भारतातला पत्ता लेखी कळवून ठेवा.